स्नीकर्स घेताय? आधी पाय मोजा



रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या पायरीबाहेर चपला-बुटांची रांग लागते. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत रबरी चपला आणि सँडल जास्त असायच्या. आता निम्म्याहून जास्त स्नीकर्स असतात. पांढरे, काळे, जाड सोलचे, रंगीत लेसचे. पोरं-पोरी ते काढून आत येतात, मांडी घालून बसतात, आणि माझी नजर सवयीने त्यांच्या पायांकडे जाते. नर्सची नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण ही सवय काही सुटत नाही. कुणाच्या करंगळीवर कुरूप, कुणाच्या टाचेची कातडी सोललेली, कुणाचं अंगठ्याचं नख काळंनिळं. बाहेर बूट एवढे देखणे आणि आत पाय एवढे त्रासलेले.

वंदना झाली की मी हळूच विचारते, "काय रे बाळा, बूट कितीचा?" किंमत लगेच सांगतात. मग विचारते, "अरे, नंबर कितीचा?" उत्तर ठरलेलं असतं. "ताई, आपला आठच. कायम आठ."

या महिन्याचं आरोग्याचं पान त्या "कायम आठ"साठी आहे.

एका बोटाची गोष्ट

मी एका सरकारी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात होते तेव्हाची गोष्ट. पन्नाशीचे एक गृहस्थ दाखल झाले. सिक्युरिटीची नोकरी, रात्रपाळी. बारा वर्षांपासून शुगर. मुलाला नुकतंच डिलिव्हरीचं काम लागलं होतं. पहिल्या पगारातून त्याने जयंतीसाठी वडिलांना पांढरे स्नीकर्स घेतले. वडिलांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्यांना दुकानात नेलं नाही. बूट स्वतःच्या पायात घालून बघितला. बाप-लेकाची चपल एकच, आठ नंबरची. मग बूटही आठचाच.

वडील मिरवणुकीत चार-पाच तास चालले. रात्री घरी येऊन बूट काढला तर मोज्याला करंगळीच्या बाजूने रक्त. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही, असं म्हणून हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी तोच बूट घालून ड्यूटीवर गेले. पोराने एवढ्या हौसेने आणलेला, घालायचा नाही तर काय करायचं? आमच्याकडे आले तेव्हा दहा-बारा दिवस उलटले होते. करंगळी काळी पडली होती, वास येत होता, अंगात ताप होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं.

ऑपरेशननंतर मुलगा पिशवीत तो बूट घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, बूट भारीतला होता. नंबर पण बरोबर होता. पप्पांचा आठच आहे."

मी एक कोरा कागद घेतला. वडिलांचा दुसरा, चांगला पाय त्यावर ठेवून पेन्सिलने रेघ काढली. मग त्या बाजूच्या बुटातला आतला सोल काढून रेघेवर ठेवला. लांबी जवळपास जुळत होती. पण बोटांच्या बुडाशी पाय सोलच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. मुलगा कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मी त्याला सांगितलं, दोष तुझा नाही. साखर वाढलेली होती, जखम वेळेवर दाखवली नाही, तेव्हा एकट्या बुटाचाही दोष नाही. पण सुरुवात त्या घट्ट बुटापासून झाली हेही खरं होतं. आणि तो कागद बूट घेण्याआधी काढला असता तर एक रुपयासुद्धा खर्च आला नसता.

आठ नंबर म्हणजे किती?

बुटावरचा नंबर हा किलो किंवा लिटरसारखा सगळीकडे सारखा नसतो. आपल्या दुकानांत जो सहा, सात, आठ नंबर चालतो तो ब्रिटिश, म्हणजे यूके नंबर. त्याचं मोजमाप जवाच्या दाण्यावरून आलं. तीन दाणे म्हणजे एक इंच आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. म्हणून सात आणि आठ यांत फरक असतो एक तृतीयांश इंचाचा, साधारण साडेआठ मिलिमीटरचा. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण नखाला टोचायला तेवढं पुरतं.

४०, ४१, ४२ हे युरोपीय नंबर. त्यात एका नंबरचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असतो. अमेरिकन म्हणजे यूएस नंबर आणखी वेगळा. पुरुषांच्या बुटात तो यूकेपेक्षा अर्धा ते एकने जास्त असतो, बायकांच्या बुटात दीड ते अडीचने जास्त. "आठचा दे" म्हणून यूएस आठ उचलला तर तो आपल्या सातच्या जवळचा निघतो.

त्यातही कंपनीगणिक फरक आहे. नायकीच्या पुरुषांच्या तक्त्यात यूके ७ म्हणजे २६ सेंटिमीटरचा पाय. आदिदासच्या तक्त्यात यूके ७ म्हणजे २५.५ सेंटिमीटरचा. नंबर एकच, फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. कन्व्हर्सचा कॅनव्हासचा चक टेलर अर्ध्या नंबरने मोठा येतो, तसं ती कंपनी स्वतःच सांगते. यात फसवणूक नाही. प्रत्येक बूट एका साच्यावर बनतो, कारागीर त्याला फर्मा म्हणतात. ज्याचा फर्मा वेगळा, त्याचं माप वेगळं.

ज्यांना आज लाइफस्टाइल स्नीकर्स म्हणतात, त्यांतले बरेच मुळात खेळाचे बूट होते. चक टेलर १९१७ सालच्या बास्केटबॉलच्या बुटापासून आला. आदिदासचा सुपरस्टार १९६९ चा आणि नायकीचा एअर फोर्स वन १९८२ चा, तेही बास्केटबॉलचेच. मैदानातून ते रस्त्यावर आले आणि आता दिसण्यासाठी घातले जातात. त्यामुळे कुणाचा पुढचा भाग रुंद, कुणाचा निमुळता, कुणाचा सोल एकदम सपाट. बाजारात त्यांच्यासारखे दिसणारे स्वस्त बूट मिळतात, त्यांचा फर्मा तर आणखी निराळा असू शकतो. म्हणून "मी नेहमी आठच घालतो" हे वाक्य दुकानात फारसं उपयोगाचं नाही.

बुटाच्या जिभेच्या आत, लेसखाली, एक छोटी चिठ्ठी शिवलेली किंवा छापलेली असते. तिच्यावर यूके, यूएस, ईयू यांच्याबरोबर बहुतेक वेळा सीएम किंवा जेपी लिहून एक आकडा असतो, उदाहरणार्थ २६ किंवा २६०. हा पायाचा आकडा. २६ सेंटिमीटर लांबीच्या पायासाठी हा बूट बनवला आहे, असा त्याचा अर्थ. चिठ्ठीवरचा हाच आकडा वाचायला शिका. आपल्या पायाचे सेंटिमीटर माहीत असले की बाकीचे नंबर लक्षात ठेवायची गरज नाही.

आपले पाय रुंद आहेत

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय थ्री-डी यंत्राने मोजले. त्यात दिसून आलं की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा साधारणपणे रुंद असतात. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. बाळांपासून मोठ्या माणसांपर्यंत तिचे आठ गट आहेत.

कारण समजायला सोपं आहे. लहानपणी अनवाणी आणि पुढे चपलेत वाढलेला पाय पुढून पसरतो, बोटं मोकळी होतात. चपल उघडी असते, करंगळी कडेवर आली तरी चालतं. बूट चारी बाजूंनी बंद असतो. चपलेचा आठ आणि बुटाचा आठ यांत हाच फरक आहे. त्या मुलाची गफलत इथेच झाली.

मग पाय मावत नाही म्हणून आपण काय करतो? एक नंबर मोठा घेतो. रुंदीला थोडा सुटतो, पण लांबीला जास्त होतो, टाच वर-खाली होते, बूट पायात राहावा म्हणून बोटं आत आकडून धरावी लागतात. त्यापेक्षा पुढून रुंद असलेलं दुसरं मॉडेल शोधा. काही कंपन्या एकाच लांबीत जास्त रुंदीचे बूट देतात, त्यावर २ई, ४ई अशी खूण असते. दुकानदाराला "जरा चौडा दाखवा" म्हणायला लाजू नका.

"घालून घालून सैल होईल" हे अर्धसत्य आहे. चामडं आणि कॅनव्हास रुंदीला थोडे सैलावतात, सिंथेटिक फार कमी सैलावतं. लांबीला मात्र कोणताच बूट वाढत नाही. बूट पायाला शिकवत नसतो, तो पायाला छळतो.

घरी माप कसं घ्यायचं

लागतं काय? ए-फोर कागद, पेन्सिल, पोरांची पट्टी आणि घरातलं दुसरं माणूस.

१. माप संध्याकाळी घ्या, कामावरून आल्यावर. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे फुगतात. सकाळी बसलेला बूट रात्री चावतो तो म्हणूनच.

२. जे मोजे घालणार तेच घाला.

३. कागद जमिनीवर भिंतीला चिकटून ठेवा. टाच भिंतीला टेकवून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून माप घेऊ नका. उभं राहिल्यावर पाय लांब आणि रुंद होतो.

४. दुसऱ्या माणसाने पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढावी. पेन्सिल तिरपी झाली की माप चुकतं.

५. भिंतीकडच्या कडेपासून सगळ्यात पुढच्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. पट्टी शून्यापासून लावा. पट्टीची कड आणि शून्य यांत थोडी जागा असते.

६. अंगठ्याच्या बुडाशी हाडाचा उंचवटा असतो, तिथून करंगळीच्या बुडापर्यंत आडवी रुंदी मोजा.

७. दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्या, लहान पायाला लागलं तर आत पातळ सोल टाका.

कागदावर नाव आणि तारीख लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचा असा कागद असला की कोणालाही न सांगता बूट भेट देता येतो.

दुकानात पाच मिनिटं जास्त द्या

कागद घेऊन जा. बुटातला आतला सोल निघत असेल तर काढा आणि त्यावर उभे राहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त जागा उरली पाहिजे. पाय सोलच्या कडेबाहेर जात असेल तर तो बूट कितीही आवडला तरी ठेवून द्या.

मग दोन्ही बूट घाला, लेस नीट बांधा आणि उभे राहा. आतली बोटं वर-खाली हलवून बघा. सगळी हलली पाहिजेत. करंगळीच्या बुडाशी बाहेरून हात लावा. तिथे कापड किंवा चामडं ताणून फुगलेलं लागलं तर बूट अरुंद आहे. दुकानात गुळगुळीत फरशीवर दहा-वीस पावलं चाला. टाच बुटातून निसटायला नको. पायाच्या वरच्या हाडावर दाब येत असेल तर त्या जागची लेसची एक आडवी फेरी सोडून पुढच्या भोकात ओवा, बराच आराम पडतो.

आणि लेस बांधा. लेस सैल सोडून स्नीकर घालायची फॅशन आहे, पण त्यात पाय पुढे सरकतो आणि बोटं आदळतात. मापाचा बूटही मग बिनमापाचा होतो.

ऑनलाइन मागवताना यूके आकड्यावर जाऊ नका. त्याच कंपनीच्या तक्त्यात आपल्या सेंटिमीटरसमोर कोणता नंबर आहे तो बघा. तक्त्यात "पायाची लांबी" असेल तर त्यात वेगळी जागा मिळवू नका, कंपनीने ती धरलेली असते. "आतल्या सोलची लांबी" असं लिहिलं असेल तर आपल्या पायापेक्षा एक-सव्वा सेंटिमीटर जास्त असलेला घ्या. बदलून मिळतो का ते आधी वाचा. बूट आला की संध्याकाळी घरातल्या स्वच्छ फरशीवर घालून बघा आणि खात्री होईपर्यंत खोकं, टॅग ठेवा.

जुन्या बाजारातून वापरलेला बूट घेत असाल तर त्याचा तळ बघा. एका बाजूने झिजलेला असेल तर तो दुसऱ्याच्या चालीला बसलेला आहे, तुमचा पायही तिरका पाडेल. आतला सोल बदला आणि बूट दोन-तीन दिवस चांगलं ऊन दाखवल्याशिवाय घालू नका.

"वाढत्या अंगाचा" बूट नको

पोराला शर्ट वाढत्या अंगाचा घेतला तर बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही. दोन नंबर मोठा बूट घेऊन पुढे कागदाचा बोळा कोंबला की पाय आत सरकत राहतो, टाचेला फोड येतात, पोर धावताना अडखळून पडतं.

लहान झालेला बूट आणखी वाईट. लहान मुलांच्या पायाची हाडं अजून पूर्ण टणक झालेली नसतात, बराच भाग कूर्चेचा, मऊ असतो. म्हणून बोटं दाबली गेली तरी मूल रडत नाही, बोटं निमूट वाकतात. मोठ्या पायात २६ हाडं असतात आणि ती सरळ बसायची की वाकडी, हे याच वयात ठरत असतं. मूल "दुखतंय" म्हणेल याची वाट बघू नका. दर तीन महिन्यांनी कागदावर पाय काढा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून बूट घ्या आणि ती अर्ध्याहून कमी झाली की बदला.

मुलांच्या नंबरात एक गंमत आहे, तिथे आया नेहमी गोंधळतात. लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात. १३ नंतरचा १ हा मोठा असतो, लहान नाही.

पैशांचं मला कळतं. चार महिन्यांत बूट लहान होणार असेल तर महागाचा कशाला? बरोबर आहे. म्हणूनच महागाचा दोन नंबर मोठा घेण्यापेक्षा साधा, मापाचा घ्या. थोरल्याचा बूट धाकट्याला देतानाही धाकट्याचा कागद त्याच्या आतल्या सोलवर ठेवून बघा.

बायकांनी आपला पाय पुन्हा मोजावा

लग्नाआधीचा नंबर आपण आयुष्यभर सांगत राहतो. गरोदरपणात पायाचे बंध सैलावतात, सूज येते आणि बाळंतपणानंतरही पुष्कळ जणींचा पाय थोडा मोठाच राहतो. वय आणि वजन वाढलं की पाय पसरतो. पाच घरची धुणीभांडी करणारी किंवा दिवसभर दुकानात उभी राहणारी बाई जुन्या नंबरचा बूट घालते आणि म्हणते, "माझे पायच मेले वाईट." पाय वाईट नाहीत, नंबर जुना आहे. अंगठ्याच्या बुडाचं हाड बाहेर यायला लागलं असेल तर टोकदार, अरुंद बूट आजच बाजूला ठेवा.

गरोदर बाईचे पाय फुगले म्हणून नुसता मोठा बूट आणून थांबू नका. सूज अचानक वाढली, चेहरा-हात सुजले, डोकं दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बीपी तपासा.

घरात शुगर असेल तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, जळजळ, मग हळूहळू पाय बधिर होतो. बधिर पायाला घट्ट बूट कळत नाही. उलट मापाचा बूट त्याला सैल वाटतो, कारण घट्ट आवळल्याशिवाय पायात काही आहे असं जाणवतच नाही. म्हणून शुगरचा पेशंट स्वतःहून लहान बूट निवडतो आणि "एकदम फिट आहे" म्हणतो. त्याच्या म्हणण्यावर जाऊ नका. कागदावर जा.

घरी एक साधी तपासणी करता येते. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, थोपटू नका. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्याच्या डायबेटिस ओपीडीत नायलॉनच्या बारीक दोऱ्याने पायाची संवेदना तपासतात. साखर तपासायला जाल तेव्हा "पाय पण बघा" असं स्वतःहून सांगा.

अशा माणसाचा नवा बूट पहिल्या दिवशी घरातच अर्धा-एक तास घालायचा. काढल्यावर पाय सगळीकडून बघायचा. लाल डाग पडला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही तर तो बूट त्या पायाचा नव्हे. रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, दुमडलेला सोल, खिळा आहे का बघा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा. फोड, चिखल्या, जखम काहीही दिसलं की दुखत नसलं तरी दुसऱ्याच दिवशी दवाखाना. हळद, ब्लेड, कुरपाचं औषध, गरम पाण्याचा शेक, यातलं काही नको.

कुष्ठरोगातही पाय असाच बधिर होतो. अशा रुग्णांना सरकारी कार्यक्रमातून मऊ रबराच्या एमसीआर चपला मोफत मिळतात. वस्तीत कोणी लाजून घरात बसलं असेल तर त्यांना आरोग्य केंद्रापर्यंत सोबत करा.

हौस करा, माप घेऊन करा

म्हातारी माणसं पोरांना बोलतात, "काय ते बुटांचे नखरे." मला तसं बोलवत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना गावात दुसऱ्यांच्या आळीतून जाताना पायातली चपल हातात घ्यावी लागायची. त्यांचा नातू पांढराशुभ्र बूट घालून ताठ मानेने रस्त्याने चालतो, ते मला बघायला आवडतं. पोरांनो, हौस करा. फक्त त्या बुटात लंगडू नका.

तो मुलगा पुढे वर्षभराने भेटला. वडील कामावर जातात म्हणाला, चालताना थोडे तोल सावरतात. त्याच्या पाकिटात घडी घातलेला एक कागद होता. वडिलांच्या दोन्ही पायांची रेघ, सेंटिमीटर आणि तारीख. "आता हा कागद दाखवल्याशिवाय चपल पण घेत नाही, सिस्टर," तो म्हणाला.

तुमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने किंवा तरुणांनी एखाद्या रविवारी संध्याकाळी कोरे कागद, पेन्सिली आणि दोन पट्ट्या घेऊन बसावं. आधी शुगर असलेल्या वडीलधाऱ्यांचे पाय मोजा, मग पोरांचे, मग आपले. दोन तासांत सगळी गल्ली होईल. आणि मोजता मोजता कुणाच्या बोटाला जखम दिसली, तर सोमवारी सकाळी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.